शॅकची जीभ आणि लुसीलबाईंचा फोन

अहो वहिनी, जरा इकडे या ना, अशा कुंपणाला लागून. मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. ऐकलंत का, शॉनीनं पुस्तकात काय लिहिलंय ते? हो, तीच, बास्केटबॉलवाल्या शॅकची आधीची बायको, शॉनी. आता हेंडरसन म्हणायचं तिला, त्या ह्यूस्टनच्या पाद्रीबोवांशी लग्न केलंय ना. तर बाईसाहेब लिहितात, की माझं त्या माणसावर खरंच कधी प्रेम होतं का, याचीच मला खात्री नाही. घ्या! इतकी वर्षं संसार, पोरंबाळं, आणि आता खात्री नाही म्हणे! 2024 चा मे महिना, सगळी जनता कान टवकारून बसलेली, की आता हा सात फूट एक इंचाचा गडी खवळणार, काहीतरी जहरी बोलणार, आठवडाभर तमाशा रंगणार. आणि यानं काय लिहावं? लिहिलं, की तुझं बरोबर आहे, तुझ्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर प्रेम केलं नसतं. वर तिला शुभेच्छा! अहो, चेहरे पडले ते भांडण बघायला जमलेल्यांचे. हातातले पॉपकॉर्न तसेच राहिले.

मी आमच्या ह्यांना म्हटलं, हा आपला शॅक नव्हेच. हेच शहाणपण त्याला 2003 साली सुचलं असतं, तर चॅम्पियनशिपच्या चाराच्या जागी सहा-सात अंगठ्या असत्या बोटांत. लोक म्हणतात शॅक ताकदीवर खेळला. खेळला असेल, नाही कोण म्हणतंय? पण त्याची गावं बदलली, माणसं तुटली, पैसा आला, त्यात अर्धा हात त्या जिभेचा. आणि त्या जिभेला आवरणारं माणूस जगात एकच, त्याची आई. लुसीलबाई.

आता लुसीलबाईंचं तुम्हाला मी काय सांगायचं! नूअर्कची पोर, लहान वयात पदरात मूल, मुलाचा बाप परागंदा. मग ते सार्जंट फिल हॅरिसन आयुष्यात आले आणि त्यांनी त्या पोराला आपलं म्हणून वाढवलं. वाढवलं म्हणजे कसं, लष्करी शिस्तीत! जर्मनीत बदली झाली तेव्हा पोरगा तिकडेही धाकात. विल्डफ्लेकनच्या छावणीत तो लुइझियानाच्या एलएसयू कॉलेजचा कोच डेल ब्राऊन शिबिराला आला होता ना, त्याच्याकडे हे ध्यान गेलं विचारायला, की पायात ताकद येत नाही, काही व्यायाम सांगा. कोच वर बघतो तर साडेसहा फुटांच्या वर उंची. म्हणतो, किती वर्षं झाली रे शिपाईगड्या, पलटणीत? हा म्हणतो, पलटणीत कुठला, मी तेरा वर्षांचा आहे! कोचचा चेहरा कसा झाला असेल डोळ्यांपुढे आणा. दुसरा प्रश्न त्यानं लगेच विचारला, तुझे वडील कुठे आहेत? हुशार माणूस. बरोबर माणसाशी बोलणी लावली, आणि चार वर्षांनी पोरगा एलएसयूत.

ते गाणंसुद्धा काढलं होतं ना यानं, 1994 साली, जन्म दिलेल्या बापानं ढुंकून पाहिलं नाही, फिल हाच माझा बाप, अशा अर्थाचं. सगळ्या देशाला ऐकवलं. त्या जन्मदात्या जोसेफ टोनीला काय वाटलं असेल… पण 2016 मध्ये शॅक गेला हं त्याला भेटायला, आणि म्हणाला, माझा तुमच्यावर राग नाही, मला फिल होता, माझं आयुष्य चांगलं गेलं. बावीस वर्षं लागली एवढं म्हणायला. असो.

तर काय सांगत होते… हां, पैसा. पहिला पैसा हातात आला तेव्हाची गोष्ट तो स्वतःच सांगत फिरतो. दहा लाख डॉलरचा चेक म्हणून स्वारी गेली मर्सिडीज घ्यायला. घरी आणली, तर सार्जंट म्हणतात, माझी कुठाय? झालं, दुसरी घेतली. मग लुसीलबाई म्हणतात, मलाही हवी, पण जरा लहान बघ. तिसरी घेतली! वर दागिने, कपडे, काय नि काय. आणि मग बँकेतून फोन, की साहेब, खात्यात होतं त्यापेक्षा जास्त उडवलंत. टॅक्स म्हणून काही असतं, हे तेव्हा त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! पण बघा, त्या एका फोननं माणूस जन्माचा शहाणा झाला पैशाच्या बाबतीत. बोलण्याच्या बाबतीत शहाणपण यायला मात्र पुष्कळ अवकाश होता.

ऑर्लँडोत काय कमी होतं हो त्याला? 1992 ला एनबीएच्या निवडीत त्यांनी पहिल्या नंबरनं उचलला, पहिल्याच वर्षी दोनदा बास्केटचा सांगाडा खाली आणला, एकदा फिनिक्सला आणि एकदा न्यू जर्सीला. न्यू जर्सीला तर बोर्डासकट घड्याळ डोक्यावर आलं, हा मान झटकून मोकळा! एनबीएला सगळीकडचे खांब मजबूत करून घ्यावे लागले. गाव खूश, डिस्ने खूश, पोरं याचे रीबॉकचे बूट मागून आईबापांना हैराण करतायत. 1995 ला फायनलला गेले. तिथं याच्याच टीमच्या निक अँडरसननं पहिल्या मॅचला शेवटच्या काही सेकंदांत चार फ्री थ्रो घालवले, ओळीनं चार! त्यातला एक जरी गेला असता… पण नाही गेला. ह्यूस्टननं चार-शून्य गुंडाळलं. बिचाऱ्या निकचा खेळ त्यानंतर कधी सावरला नाही, तो कायमचा त्या चार चेंडूंचा झाला.

पण गंमत पुढेच आहे. 1996 चा उन्हाळा. शॅकचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ऑर्लँडोवाल्यांनी आधी हात आखडता घेतला, आणि तिकडे जुवान हॉवर्डला शंभर मिलियनच्या वर कबूल झाले लोक! जुवान हॉवर्डला! शॅकच्या नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय होईल? आणि त्यात त्या ऑर्लँडोच्या पेपरानं, ‘सेंटिनल’नं, फोनवर लोकांचा कौल घेतला, की शॅकला सात वर्षांचे 115 मिलियन द्यावेत का? सांगा बघू किती लोक नाही म्हणाले? 91.3 टक्के! आणि पेपरात छापलं! अहो, घरचा कर्ता मुलगा दुसरीकडे जायला एक पाय बाहेर काढून बसलाय, आणि तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारताय, की याला जेवायला वाढू का! शॅक तेव्हा ऑलिंपिकच्या टीमबरोबर होता, पेपर हातात पडला असणारच. 18 जुलैला अटलांटातून जाहीर केलं, लॉस एंजेलिसचे लेकर्स, सात वर्षं, 120 मिलियन. मग ऑर्लँडोच्या लोकांची तोंडं बघायची होती. ज्यांनी फोन फिरवला होता ना, तेच म्हणायला लागले, पैशासाठी गेला. माणसं सगळीकडे सारखीच.

आणि तिकडे लेकर्सची टीम जमवणारा तो जेरी वेस्ट. काय डोकं हो त्याचं! एकाच उन्हाळ्यात शॅकही आणला आणि व्लादे दिवाच देऊन शार्लटकडून तो सतरा वर्षांचा पोरगाही उचलला. कोबी. इतका लहान, की कॉन्ट्रॅक्टवर आईबापांनी सह्या केल्या. तिथंच ठिणगी पडली होती वहिनी, फक्त धूर दिसायला वेळ लागला. एक रात्री जागून मित्र जमवणारा, दुसरा पहाटे उठून एकटा प्रॅक्टिस करणारा. एक प्रॅक्टिसला येताना हसत येणार, जोक मारणार, वजन वाढलेलं असणार. दुसरा त्याच्या पोटाकडे बघणार आणि ओठ मिटून घेणार. 1999 मध्ये साध्या सरावाच्या खेळात थोबाडीत दिली होती म्हणे शॅकनं त्याला. ‘म्हणे’ म्हणते मी, पण बघणारे होते, आणि बघणाऱ्यांना तोंड असतं.

तरी कोच म्हणून फिल जॅक्सन आला आणि तीन वर्षं सगळं झाकलं गेलं. 2000, 2001, 2002, लागोपाठ तीन चॅम्पियनशिप. जिंकत असलं की सगळे गोड. पण फायनलचा मानाचा पुरस्कार तीनही वेळा कुणाच्या घरी? शॅकच्या. धाकट्याला किती वेळ गोड लागेल?

ते 2000 साल तर त्याचंच. वाढदिवसाची गोष्ट आठवते ना, 6 मार्च? मैदान लेकर्स आणि क्लिपर्स दोघांचं, पण त्या दिवशी यजमान क्लिपर्स. यानं घरच्यांसाठी तिकिटं मागितली, त्यांनी फुकट द्यायला नकार दिला. बरं, म्हणाला, आणि खेळायला उतरला. 61 पॉइंट! 23 रिबाऊंड! क्लिपर्सवाल्यांनी चार तिकिटं वाचवली आणि पुढची वीस वर्षं टोमणे विकत घेतले. मग एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. 121 जणांनी मत टाकलं, 120 शॅकला. एक सीएनएनच्या फ्रेड हिकमनचं, ते आयव्हर्सनला! एकमतानं निवडून येणारा पहिला ठरला असता, पण नाही. एखाद्या लग्नात एक तरी पाहुणा रुसतोच. शॅक मात्र त्या दिवशी इतका खुशीत, की मला आजपासून बिग अ‍ॅरिस्टॉटल म्हणा म्हणाला. टोपणनावं स्वतःच ठेवायची स्वतःला, ही त्याची जुनी खोड. बारशाला आत्याची गरजच नाही.

आणि एवढा सगळा मान असून फ्री थ्रो? शू… ते नका काढू! पंधरा फुटांवरून, समोर कुणी नाही, निवांत टाकायचा चेंडू. जन्मात 5,317 घालवले! डिसेंबर 2000 मध्ये सिअ‍ॅटलपुढे अकरापैकी शून्य. दुसऱ्या टीमचे कोच मुद्दाम त्याला पकडायला लावायचे, की जा बाबा रेषेवर उभा राहा. रिक बॅरी म्हणाला, अरे खालून, दोन्ही हातांनी टाक, मी तसेच टाकायचो, नव्वद टक्के जातील. तर हा म्हणतो, शून्य टक्के गेले तरी चालतील, पण तसले बावळट दिसणारे टाकणार नाही! बघा, म्हणजे दिसण्यापुढे… जाऊ दे. आमच्यातल्याही काहीजणी डायबेटिस असून लग्नात जिलबी सोडत नाहीत, कोण ते मी बोलत नाही.

पण त्याच महिन्यात, अकरापैकी शून्यनंतर आठवड्यानंच, हा एक मॅच बुडवून लुइझियानाला गेला. कशाला? पदवी घ्यायला! 1992 ला कॉलेज अर्धवट टाकून निघाला तेव्हा लुसीलबाईंना शब्द दिला होता, पुरं करीन. मधे आठ वर्षं गेली, नाव झालं, अंगठी आली, पण बाई काही विसरल्या नाहीत. टोपी-झगा घालून उभा राहिला सगळ्यांत, बाकीची पोरं त्याच्या खांद्याला लागत नव्हती. नंतर एमबीए झाला, 2012 ला तर बॅरी युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट. विषय काय, तर नेतृत्वात विनोद आणि आक्रमकपणा कसा चालतो! हसू नका, अहो, त्या विषयावर त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला असणार? लुसीलबाईंनी स्वतःसुद्धा मोठेपणी कॉलेज पुरं केलं हं. नुसती पोराला तंबी देणारी बाई नव्हे ती.

तर काय सांगत होते… कोबी. हो, तिथंच आलो शेवटी.

2002 च्या उन्हाळ्यात पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन होतं शॅकचं. सगळा उन्हाळा मोकळा. केलं कधी? सीझन तोंडावर आल्यावर! आणि वर बोलला काय, तर दुखापत कंपनीच्या वेळात झाली, तर बरीही कंपनीच्या वेळात होईल. झालं! पहिल्या बारा मॅचना हा नाही, कोबी एकटा राबतोय, आणि त्याच्या कानावर हे वाक्य. मला सांगा, कुणाला चीड येणार नाही? मी या एका गोष्टीत कोबीच्या बाजूची आहे, उगाच नाही म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी हवाईत साधी सरावाची मॅच. मालक जेरी बस तिथं बसलेले, पाहुणे आलेले. शॅक एक ब्लॉक मारतो आणि भर मैदानातून मालकाकडे बघून ओरडतो, आता देता का पैसे? चारचौघांत! मालकाचा चेहरा… तो माणूस मोठा धोरणी, काही बोलला नाही. पण घरातलं वाढीव कॉन्ट्रॅक्टचं बोलणं असं चव्हाट्यावर आणलं की मोठी माणसं तोंडानं बोलत नाहीत, मनात नोंद करून ठेवतात.

आणि मग ऑक्टोबर 2003. शॅक पेपरवाल्यांना काहीबाही बोलला, की कोबीनं पाय बरा होईपर्यंत पास जास्त द्यावेत वगैरे. बोलायचं काही कारण होतं का? कोबीनं उचलला फोन, पत्रकार जिम ग्रेला गाठलं आणि सगळं ओकला. हा जाडा होऊन येतो, दुखणं असलं-नसलं करतो, दुसऱ्यावर खापर फोडतो, आणि घरात कार्ल मलोन आणि गॅरी पेटन जवळजवळ फुकट खेळायला आले असताना हा पैशासाठी हटून बसतो! इतकी नेमकी दुखरी नस! मलोन-पेटन बिचारे म्हातारपणी एक अंगठी मिळेल म्हणून आले होते. सून आणि सासू दोघी बोलायच्या थांबल्यावर पाहुण्यांनी कुठं बसायचं, तसं त्यांचं झालं. त्याच वर्षी कोबीवर ती कोलोरॅडोची केस. ती गोष्ट मी कुंपणावर बोलायची नाही, गंभीर आहे. एवढंच, की पोलिसांशी बोलताना कोबीच्या तोंडून शॅकचं नाव निघालं, आणि ते पुढे पेपरात छापून आलं. ते शॅक कधी विसरला नाही.

2004 ला डेट्रॉइटनं फायनलमध्ये चार-एक हरवलं, आणि महिन्याभरात वाटण्या झाल्या. फिल जॅक्सन गेला, शॅक मायामीला ट्रेड झाला, कोबीला घर मिळालं. कोबी म्हणत राहिला माझा संबंध नाही, बस म्हणत राहिले पैशाचा प्रश्न होता, आणि प्रत्येक जण थोडं थोडं खरं बोलत होता. पण मायामीत आला कसा माहितीय ना? अठरा चाकी ट्रकमधून! उतरला आणि मोठ्या पिचकारीनं लोकांच्या अंगावर पाणी उडवतोय. भर जुलैत रंगपंचमी! आणि शब्द दिला, तुम्हाला चॅम्पियन करीन. 2006 ला करून दाखवलंही. खेळला जास्त ड्वेन वेड, हे शॅकलाही माहीत होतं, आणि हे मात्र तो उघड म्हणाला हं. कोबीबद्दल असं म्हणायला का जीभ वळली नाही, ते त्याचं त्याला ठाऊक.

मधे बिल रसेलनं शिष्टाई केली. अकरा अंगठ्यांचा माणूस, त्याचं कोण मोडणार? शॅकला म्हणाला, हे बरं नाही, मिटव. जानेवारी 2006 मध्ये मॅचच्या आधी शॅक चालत गेला, हात मिळवला, मिठी मारली. फोटोवाल्यांची धावपळ! कोबीचा चेहरा आधी बावरलेला, मग हसला. मला वाटलं, सुटली बाई गाठ.

कुठली सुटते! 2008 च्या जूनमध्ये कोबी बॉस्टनकडून फायनल हरला. आठवड्यात हा न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये माइक घेऊन रॅप गातोय, की माझ्याशिवाय कोबीला काही जमलं नाही, आणि पुढे जे म्हणाला ते मी तोंडानं उच्चारणार नाही, तुमचा नातू झोपाळ्यावर आहे. कुणीतरी शूट केलं, जगभर पसरलं. गंमत वाटते? ऐका पुढे. अ‍ॅरिझोनात त्याला मानद पोलिसाचा बिल्ला होता, तेव्हा फिनिक्सला खेळायचा ना. तिथला तो शेरीफ जो आर्पायो, तो म्हणाला, असली भाषा बोलणारा माझा डेप्युटी नको, बिल्ला परत कर! त्याला पोलिसाच्या वर्दीचं केवढं वेड, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी जिभेनं बिल्ला खाल्ला.

आणि कोबीनं हे सगळं साठवून ठेवलं होतं. 2009 ला दोघं ऑल-स्टारला एकत्र खेळले, दोघांना मिळून एमव्हीपी दिली, ट्रॉफी कोबीनं शॅकच्या पोरांसाठी देऊन टाकली, किती गोड वाटलं. पण 2010 ला पाचवी अंगठी आल्यावर पत्रकारांनी विचारलं, याचं महत्त्व काय? तर पहिलं वाक्य, शॅकपेक्षा एक जास्त! आधी बायको-मुलं नाही, टीम नाही, शॅक! मी तर टाळीच वाजवली. आणि शॅकनं काय केलं? पुढच्या सीझनला बॉस्टनला गेला, लेकर्सच्या जन्माच्या वैऱ्याकडे! आधी क्लीव्हलँडला लेब्रॉनला अंगठी मिळवून देतो म्हणून गेला होता, तिथं काही झालं नाही. बॉस्टनलाही पाय धड राहिले नाहीत. 1 जून 2011 ला एक छोटासा व्हिडिओ टाकला, एकोणीस वर्षं झाली, आता बस. 28,596 पॉइंट.

जानेवारी 2020 मध्ये कोबी गेला… ते तुम्हीही बघितलंत. रिकाम्या स्टेपल्स सेंटरच्या मधोमध खुर्च्या टाकून बसले होते हे टीव्हीवाले सगळे, आणि हा रडत होता. बहीण जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि वर हे. म्हणाला, आता त्याच्या हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात मला त्याची चेष्टा करता येणार नाही, आणि त्याला मला म्हणता येणार नाही, की माझ्या पाच आणि तुझ्या चारच. म्हणाला, एकत्र राहिलो असतो तर दहा झाल्या असत्या, असं आम्ही एकमेकांना म्हणणार होतो. गेला त्याच दिवशी सकाळी कोबीनं शॅकच्या मुलाला मेसेज टाकला होता, सगळं ठीक ना, एवढाच. शॅकला नाही, मुलाला. मी टीव्ही बंद केला बाई.

तर काय सांगत होते… हां, रणदिवे! अहो, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. सॅक्रामेंटोला हा काय म्हणायचा आठवतंय? किंग्ज नाही, क्वीन्स! 2002 ला त्यांना सात मॅचमध्ये हरवलं तेव्हा, आणि सहाव्या मॅचला शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सला 27 फ्री थ्रो दिले पंचांनी! सॅक्रामेंटोचे लोक अजून दात-ओठ खातात. राल्फ नेडरनं कमिशनरला पत्र लिहिलं होतं त्यावरून! आणि अकरा वर्षांनी बघा, ती टीम विकत घेतली कुणी? आपल्या विवेक रणदिव्यांनी, जुहूत वाढलेल्या. आणि त्यांच्यात भागीदार म्हणून कोण? शॅक! ज्यांना राणी राणी म्हणून चिडवलं त्याच घरात हिस्सेदार! पुढे 2019 ला रणदिव्यांनी तीच टीम वरळीच्या डोममध्ये आणली, इंडियानाबरोबर खेळायला, एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅचेस. 2022 ला शॅकनं हिस्सा विकला, त्याच्या बेटिंग कंपनीच्या जाहिरातीची अडचण येत होती म्हणे. पण आठ वर्षं सॅक्रामेंटोच्या लोकांनी तोंडातून ब्र काढला नाही. मालकाला कोण बोलणार?

बुटांचंही तसंच. ऑर्लँडोत एका बाईनं भर रस्त्यात झापला होता त्याला, की पोरांच्या बुटांना एवढे पैसे लावतोस, लाज नाही वाटत? यानं खिशातून नोटा काढल्या तर तिनं त्याही नाकारल्या. मग गेला वॉलमार्टकडे आणि स्वस्तातले बूट काढले, कुणाच्याही आईला परवडतील असे. आणि बघा, 2023 ला तोच माणूस रीबॉकच्या बास्केटबॉल विभागाचा अध्यक्ष होऊन परत! बायकांनी झापलेलं बरं लागतं त्याला, पुरुषांनी काही म्हटलं की चिडतो.

त्या दुसऱ्या जुन्या खेळाडूचं, चार्ल्स बार्कलीचं, तेच ना! टीव्हीवर दोघं रोज भांडतात, लोक म्हणतात नाटक. नाटक कसलं? नोव्हेंबर 1999, ह्यूस्टन. बार्कलीनं चेंडू फेकून डोक्यात मारला, यानं थप्पड लगावली, दोघं जमिनीवर, दोघांना बाहेर काढलं. शॅक ड्रेसिंग रूममध्ये तणतणतोय, आता बाहेर गाठतो म्हणतोय, आणि फोन वाजतो. लुसीलबाई! म्हणतात, चार्ल्सच्या आईशी माझी मैत्री आहे, आत्ताच्या आत्ता माफी माग. तिकडे बार्कलीला त्याच्या आईचा फोन! दोन म्हाताऱ्या मॅच बघत बसल्या होत्या घरी, दोघींचं आधीच ठरलं होतं. मिळून पाचशे पौंडांच्या वरचे दोन गडी एकमेकांना ‘सॉरी’ म्हणताना कसे दिसले असतील! आता तो टीव्ही कार्यक्रम ईएसपीएनकडे गेलाय, माणसं तीच चार, भांडणं तीच. बार्कली बोलायला लागला की शॅक चार बोटं वर करतो, आणि बार्कलीकडे एकही अंगठी नाही ना… पण बार्कलीची गोष्ट वेगळीच आहे, ते उद्या दुपारी. तुमचं दूध उतू चाललंय बघा.